दहा मिनिटांचं जपानी जेवण

दमयंतीचं कार्ड दहा तारखेला आलं. गंगारामने ते दारात उभ्यानेच वाचलं.

"मी आणि हे बारा तारखेला सकाळच्या गाडीने येतो. चौदाला परत निघू. तुम्ही आमच्याबरोबर मुंबईला येण्याची तयारी करून ठेवा. आईला जाऊन चार महिने झाले आणि तुम्ही शेजारच्या डब्यावर राहता, हे मला बरं वाटत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने एक जेवण करून मला वाढलंत, तर मी पुन्हा चला म्हणणार नाही. हा माझा शब्द."

गंगारामला मुंबईला जायचं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं तो जहाजावर सुखाणी होता, म्हणजे जहाजाचं चाक धरून उभा असायचा. रत्नागिरीच्या या घरात तो सलग राहिला ती फक्त शेवटची पाच वर्षं. आता कुठे घराची आणि मालनची सवय झाली होती, तर जानेवारीत मालन गेली. घर तेवढं राहिलं होतं.

त्याने कार्ड काशीवैनींना दाखवलं. त्या शेजारी राहत, आणि रोजचा डबा त्यांच्याकडूनच येई.

"त्यात काय मोठा?" काशीवैनी म्हणाल्या. "भात लावा नि बांगड्याची आमटी करा. मी सांगते कशी ती."

"नको. आमटी केली तर ती मालनच्या आमटीशी ताडून बघणार. पहिल्या घासाला नापास."

"मग काय करताव?"

"जपानी."

काशीवैनींनी हातातलं सूप खाली ठेवलं.

गंगारामने कपाटातून दोन पाकिटं, काळ्या पाण्याची एक बाटली आणि रघूचं पत्र काढलं. रघू हा त्याचा मुलगा. तोही जहाजावर होता. गावातला एक खलाशी सुट्टीवर आला, त्याच्याबरोबर त्याने हे पाठवलं होतं. पत्रात लिहिलं होतं की बाबा, तुमचं ब्लडप्रेशर आहे, खोबरं आणि तेल बंद करा. या नूडल्समध्ये कोळंबी, माकूल, कोबी घालून मोठ्या जाळावर परता. तेल एक चमचा, बाटलीतला सॉस दोन चमचे. दहा मिनिटांत होतं. जपानी माणसं हेच खातात आणि शंभर वर्षं जगतात.

"शंभर वर्षं जगून करायचं काय?" गंगाराम म्हणाला. "पण दहा मिनिटं बरी आहेत. आणि मुख्य म्हणजे रत्नागिरीत कुणी हे खाल्लेलं नाही. चुकलं तरी चुकलं हे कुणाला कळणार?"

"ही शेवयांची खीर नाय होत?"

"नाही."

"मग माझा काय काम नाय," काशीवैनी म्हणाल्या. "मी उद्या पालीला जाते, बहिणीकडं. मंगळवारी येईन. घर पेटवू नका, भावोजी."

त्या गेल्यावर गंगारामने कॅलेंडरकडे पाहिलं. बारा तारीख लाल होती. रविवार. त्याला जरा धीर आला. रविवारी जावयाला मासे वाढायचे म्हणजे सगळं जुळून आलं.

बारा तारखेला तो सहा वाजता बंदरावर गेला. रविवार असून गर्दी नव्हती. मालन नेहमी ज्या सगुणाकडून मासे घ्यायची, ती टोपलीसमोर एकटीच बसली होती.

"भाऊ? तुमी आज?"

"मुलगी-जावई येतायत. कोळंबी दे, पाव किलो."

"पाव किलो कशाला? ही सगळी न्या. पैशे पावाचेच द्या."

"नको, नको."

"न्या वो. आज कोन घेतंय? पडून ऱ्हायची."

गंगारामला गहिवरून आलं. मालन गेल्याचं सगुणा अजून विसरली नव्हती. सकाळी सकाळी धंद्याचं नुकसान करून ती आपल्याला देते आहे, असं त्याला वाटलं. त्याने मान खाली घातली आणि माकूल मागितलं.

"माकूल? खायला?"

"हो."

"ती आमी गळाला लावतो, भाऊ. मोठा मासा धरायला."

"जपानात खातात."

सगुणाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "वैनी व्हत्या तवा तुमी बरे व्हतात," ती म्हणाली आणि दोन माकुलं फुकट टाकली.

दहा मिनिटांचं काम गंगारामने सात वाजता सुरू केलं. कोळंबी सोलायलाच दीड तास गेला. सगळी कोळंबी आणल्याचा त्याला पश्चात्ताप झाला. मग त्याने माकूल हातात घेतलं. माकुलाच्या पोटात शाईची पिशवी असते, ती आधी अलगद काढायची असते, हे रघूने पत्रात लिहिलं नव्हतं. गंगारामने विळीवर माकूल उभं चिरलं. शाई गंजीफ्रॉकवर, भिंतीवर आणि चिरून ठेवलेल्या कोबीवर उडाली. कोबी त्याने तीन पाण्यांतून धुतला. तो करडा झाला आणि तसाच राहिला.

नूडल्स उकळल्या. त्यांचं पाणी काढायचं होतं. मालन भाताच्या तोंडावर वेळणी धरून पेज काढायची, ते त्याने लांबून पुष्कळदा पाहिलं होतं. त्याने तशीच वेळणी धरली आणि पातेलं मोरीत वाकडं केलं. पेज निघाली. तिच्यामागोमाग अर्ध्या नूडल्सही निघाल्या. त्या त्याने हाताने गोळा केल्या, धुतल्या, आणि आजूबाजूला कुणी नाही हे पाहून परत पातेल्यात टाकल्या.

तरीही परतायचं काम मात्र खरोखर दहा मिनिटांत झालं. स्टोव्हला त्याने भरपूर पंप मारला, कढईत चमचाभर तेल घातलं, लसूण, कोबी, कोळंबी, माकूल, नूडल्स आणि दोन चमचे सॉस घातला. पावणेदहाला कढई तयार होती. त्याने एक नूडल चाखून बघितली. बरी होती. जपानात कोबेच्या बंदरात गाडीवर खाल्ली होती तशी लागली. गंगाराम चार महिन्यांत पहिल्यांदा आपण होऊन पाटावर टेकला.

गाडी आली नाही. साडेदहा झाले, अकरा झाले. पाहुण्यांना गार वाढायचं नाही, एवढं मालनच्या घरात राहून त्याला माहीत होतं. त्याने कढईवर झाकण ठेवलं आणि स्टोव्ह बारीक केला. साडेअकराला झाकण काढलं तेव्हा नूडल्स फुगून करंगळीएवढ्या झाल्या होत्या आणि बुडाला लागत होत्या. त्याने पाणी घातलं. मग ते पाणचट लागलं, म्हणून सॉस घातला. पाणी आटल्यावर खारट झालं. खारट झालं की मालन खोबरं वाटून घालायची. रघूने खोबरं बंद करायला सांगितलं होतं, पण रघू जहाजावर होता. गंगारामने अर्धा नारळ घातला. आता माशाचा वास वर आला, म्हणून चार आमसुलं टाकली.

बाराला त्याने माकुलाचा एक तुकडा तोंडात टाकला. सव्वाबाराला दारात हाक आली, तेव्हा तो तुकडा अजून तोंडात होता.

"बाबा! घाटात गाडी बंद पडली," दमयंती म्हणाली. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "हे काय लागलंय अंगाला?"

"शाई."

"कुणाला पत्र लिहीत होता?"

"जेवण करत होतो."

मागून जावई महिपतराव आले. त्यांनी बॅग ठेवली, पाय धुतले आणि हवेत दोनदा वास घेतला.

"बाबा, घरात कोळंबी आहे का हो?"

"कोळंबी आहे, माकूल आहे. बसा, पानं घेतलीयत."

"आज?"

"आज नाहीतर कधी? रविवार आहे."

महिपतराव दमयंतीकडे पाहू लागले. दमयंती जमिनीकडे पाहू लागली.

"बाबा," महिपतराव म्हणाले, "आज सोमवार. माझे सोळा सोमवार चाललेत. हा चौदावा. मी पाणीसुद्धा संध्याकाळी पितो."

"सोमवार उद्या."

"काल माझी सुट्टी होती, म्हणून तर रात्री गाडीत बसलो."

"तुम्ही मुंबईकर, तुम्हाला धावपळीत कळत नसेल," गंगाराम म्हणाला. "मी दोन दिवस आधी बघून ठेवलाय. या इकडे." तो त्यांना कॅलेंडरपाशी घेऊन गेला आणि त्याने शाईचं बोट बारा तारखेवर ठेवलं. "हे बघा. बारा. लाल."

महिपतरावांनी बोटाकडे पाहिलं, मग पानाच्या माथ्याकडे.

"बाबा," दमयंती हळू म्हणाली, "वर बघा."

वर जानेवारी होता.

कॅलेंडर दर महिन्याला मालन उलटायची. सतरा जानेवारीपर्यंत तिच्या अक्षरात बारीकसारीक लिहिलेलं होतं. अठराच्या चौकोनात 'रॉकेल' असं होतं. पुढचे चौकोन कोरे होते. मे महिना चालू आहे हे गंगारामला माहीत होतं. पण भिंतीवरच्या पानाचा आणि त्याचा काही संबंध असतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता त्याला सगुणाची फुकट कोळंबीही कळली. ते दुःख नव्हतं. सोमवारचा न खपणारा माल होता.

तो पाटावर बसला. "झालं," तो म्हणाला. "जेवण तर गेलंच, वर वारही कळत नाही. पेटी माळ्यावर आहे, महिपतराव. काढा."

दमयंतीने एकेक करून चार पानं उलटली. पाचवं मे होतं. ते तिने हाताने सपाट केलं. मग ती पानावर येऊन बसली.

"वाढा, बाबा."

"अगं, सोमवार!" महिपतराव म्हणाले.

"शंकराचं मी बघते. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर बोलतील. वाढा."

गंगारामने वाढलं. ते पानात पडलं तसं उभंच राहिलं. काळं, जाड, वर खोबऱ्याचा थर. दमयंतीने पहिला घास घेतला. त्यात माकूल आलं. ती चावत राहिली. गंगाराम तिच्या तोंडाकडे बघत होता, महिपतराव छताकडे.

"कसं झालंय?"

तिने हाताने थांबा अशी खूण केली. बराच वेळ गेला. शेवटी तिने पाण्याबरोबर गिळलं.

"छान," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि गंगारामने तर मिरची घातलीच नव्हती.

"खरं सांग. चुकलंय ना?"

"मला काय माहीत? मी कधी जपानी खाल्लंय?"

हाच तर त्याचा बेत होता. चुकलं हे कुणाला कळणार नाही, इतकाच विचार त्याने केला होता. जमलं की नाही तेही मग कुणाला कळत नाही, हे त्याला आता समजलं.

दमयंती सगळं पान जेवली. आणि ज्याची कुणाला अपेक्षा नव्हती ते महिपतराव बोलले.

"म्हणजे बाबांनी करून दाखवलं!" ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द, दमयंती."

"तुम्ही तर चाखलंही नाही."

"वास पुरेसा आहे! असा वास जमायला हात लागतो. माणूस स्वतःचं जेवण करतो, मासे आणतो, आणि आपण त्याला उचलून एका खोलीत न्यायचं? बाबा, मी हे सोमवार कशासाठी करतोय, सांगू? कंपनीची दोन खोल्यांची जागा मिळावी म्हणून. आत्ता आम्ही चौघं एकाच खोलीत झोपतो. मुलांना आत्याकडे ठेवून आलोय. तुमचे हाल होतील हो. तुमचेच हाल."

दमयंतीने नवऱ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "तुम्हाला राहायचंय ना, बाबा?"

"राहायचंय," गंगाराम म्हणाला.

"मग राहा."

इतकं सोपं होतं ते. गंगारामला जिंकल्यावर होतं तसं काहीच झालं नाही. त्याने उरलेली कढई मागच्या दारी ठेवली. गल्लीतली दोन मांजरं आली, वास घेऊन जरा बसली आणि निघून गेली.

चौदा तारखेला तो त्यांना सोडायला एसटी स्टँडवर गेला. परटाने इस्त्री केलेला शर्ट त्याने घातला होता. का घातला, ते त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं. वाटेत दमयंती औषधांचं बोलली, पावसाआधी कौलं शाकारायचं बोलली, काशीवैनींना आता डबा बंद करायला सांगते म्हणाली. गंगाराम हो हो म्हणत होता. तो एका वाक्याची वाट बघत होता. चला ना हो बाबा, असं ती निदान एकदा तरी म्हणेल, मग आपण नको म्हणू, मग ती पुन्हा म्हणेल. दुसऱ्या वेळी काय म्हणायचं ते त्याचं ठरत नव्हतं. पण दमयंतीने शब्द दिला होता, आणि ती मालनची मुलगी होती. ती काही म्हणाली नाही.

गाडी सुटायची वेळ झाली. कंडक्टर दाराशी आला.

"आजोबा, यायचंय का? एक सीट आहे पाठीमागं. या, चढा."

दमयंती खिडकीतून ऐकत होती. महिपतरावही ऐकत होते, श्वास रोखून.

"छे," गंगाराम मोठ्याने म्हणाला, "मला घरी जाऊन स्वयंपाक करायचाय."

दमयंतीचा चेहरा उजळला. गाडी वळेपर्यंत ती हात हलवत होती.