पाच मिनिटं पुढं

हंबीररावांनी शिट्टी फुंकली, मनगटावरच्या स्मार्टवॉचवर बोट टेकवलं, आणि कालव्याच्या रस्त्यानं बिरदेव पळत सुटला. सोळाशे मीटरवर, शेवटच्या खुणेपाशी, त्यांची मिरजेला शिकणारी नात उत्कर्षा तसलंच घड्याळ बांधून उभी होती. सेकंदाचा हजारावा भाग टिपणारं अ‍ॅप तिनंच लिहिलं होतं: सुटायची वेळ आजोबांच्या घड्याळातली, पोचायची तिच्या घड्याळातली, आणि वजाबाकी अ‍ॅप करणार. पाच मिनिटांच्या आत पोचला, तरच सांगलीच्या प्रियदर्शनी मॅडम बिरदेवला आपल्या सराव केंद्रात घेणार होत्या. आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या दारात अशी संधी दोनदा येत नाही.

हंबीरराव स्कूटरवरून मागोमाग पोचले, तर उत्कर्षा आणि मॅडम घड्याळाच्या पडद्यावर वाकलेल्या.

"काय झालं गं?"

"आबा, आठशे मिलिसेकंद."

"म्हंजी?"

"म्हंजी सोळाशे मीटर एका सेकंदाच्या आत."

"अगं, बंदुकीची गोळी बी एवढ्यात पोचत न्हाई! मी मारल्यात की."

मॅडम म्हणाल्या, "अ‍ॅप चांगलं असेल, पण मी कागदावर हे लिहू?"

गुडघ्यांवर हात टेकून बिरदेव धापा टाकत होता. "पुन्यांदा पळू व्हय?" त्यानं विचारलं, पण मॅडमनी नकारार्थी मान हलवली; इतकं दमल्यावर तोच वेग पुन्हा येणार नव्हता.

उत्कर्षानं आजोबांचं मनगट धरून दोन्ही घड्याळं शेजारी आणली. "आबा, टाइम पुढं केलाय तुमी?"

"मग? फौजेतला गडी हाय मी. पाच मिनिटं आधी हजर ऱ्हायला पायजे. तीस वर्सं माझं घड्याळ पुढंच असतंय. बरोब्बर पाच मिनिटं."

मॅडमनी बेरीज केली. "मग पाच मिनिटं आणि आठशे मिलिसेकंद. हुकलं की हो."

बिरदेव धुळीतच खाली बसला. हंबीररावांनी त्याच्याकडं बघितलं. उभ्या जन्मात त्यांनी बोललेला शब्द मागं घेतला नव्हता.

"बरोब्बर म्हंजी... बोटानं केलंय, पोरी," ते हळूच म्हणाले. "नेमकं किती, ते देवालाच ठावं."

उत्कर्षाचे डोळे चमकले. "आबा, टाळी द्या."

"ही टाळी द्यायची येळ हाय व्हय?"

"घड्याळाच्या हातानं. जोरात!"

टाळीचा हिसका दोन्ही घड्याळांना एकाच क्षणी बसला, आणि दोन्हींनी त्या क्षणाची आपापली वेळ नोंदवली. मॅडमनी आणखी दोन टाळ्या द्यायला लावल्या. तिन्ही वेळा दोन घड्याळांतला फरक तोच: चार मिनिटं, अठ्ठावन्न सेकंद, सहाशे मिलिसेकंद.

म्हणजे बिरदेव चार मिनिटं, एकोणसाठ सेकंद, चारशे मिलिसेकंदांत आला होता. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

त्याच संध्याकाळी उत्कर्षानं आजोबांचं घड्याळ बरोबर लावून दिलं. हंबीररावांनी मुकाट्यानं लावू दिलं.

सोमवारी नऊच्या एसटीनं बिरदेव सांगलीला निघाला. त्याच्यासाठी भाकरीचं गठुळं घेऊन हंबीरराव घराबाहेर पडले, तेव्हा घड्याळात नऊला दोन कमी होते. 'हाय अजून येळ,' म्हणत त्यांनी तीस वर्षांच्या सवयीनं पाच मिनिटं वजा केली आणि वाटेत चहा घेतला.

स्टँडवर पोचले, तर गाडी हललेली. गठुळं छातीशी धरून हंबीरराव धावत सुटले.

खिडकीतून बिरदेवचं डोकं बाहेर आलं. "आवं आबा, पळा की! मी टायम लावलाय!"