सुर्वे काकांच्या नसलेल्या रेकॉर्डी

आमच्या शेजारचे सुर्वे काका रोज संध्याकाळी रेकॉर्ड ऐकतात. त्यांच्याकडे रेकॉर्ड एकही नाही.

मशीन आहे. लाकडी पेटीतला जुना रेकॉर्ड प्लेअर, त्यावर क्रोशाचा रुमाल. काका रुमालाची घडी करतात, बटण दाबतात, रिकामी थाळी फिरू लागते. सुईला हात लावत नाहीत, खराब होईल म्हणून. मग खुर्चीत बसून आधी तोंडाने ‘खर्र, खर्र’ करतात. रेकॉर्ड जुनी आहे ना. त्यानंतर ट्रम्पेट सुरू होतो, तोही तोंडानेच. ड्रम मांडीवर. मग एक बाई इंग्रजीत गाऊ लागते. तीही काकाच.

आम्ही नेरूळच्या या इमारतीत राहायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी माझे वडील भिंतीला कान लावून उभे राहिले. ते वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, गाव साताऱ्याकडचं. म्हणाले, “मानूस डोक्यानं बरा हाय न्हवं?”

आई म्हणाली, “गप बसा. बायको न्हाय, पोर न्हाय. भिंतीशी बोलन्यापरास गातोय ते बरं.”

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. त्यामुळे घरात कळत नाही अशी कुठलीही गोष्ट आली की ती माझ्याकडे येते. बँकेचा मेसेज, लाइटचं बिल आणि आता सुर्वे काका. मी भीत भीत त्यांची बेल वाजवली. आतलं गाणं थांबलं, दार उघडलं.

“बस,” काका म्हणाले. “तुझ्यासाठी पहिल्यापासून लावतो.”

तेव्हापासून मी जातो. बऱ्याच गोष्टी मला उशिरा कळतात, पण काकांचे नियम लवकर कळले. एक बाजू संपली की काका उठतात, नसलेली रेकॉर्ड दोन्ही तळहातांत धरून उलटी करतात आणि तिच्यावर फुंकर मारतात. गाणं चालू असताना लाइट गेली, तर काकांचा आवाज जाड होतो, लांबतो आणि बंद पडतो. ते अंधारात गप्प बसून राहतात. लाइट आली की आवाज हळूहळू वेग घेतो आणि गाणं तिथूनच पुढे चालू होतं. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. “सुर्वे, व्हॉल्यूम कमी करा जरा.” काका उठले, मशीनचं बटण डावीकडे फिरवलं आणि पुढचं गाणं कुजबुजत म्हटलं. सेक्रेटरी थोडा वेळ दारात उभे राहिले. मग थँक्यू म्हणून गेले.

“हा ट्रॉम्बोन आहे,” काका त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाले. “त्याच्या सरकत्या नळीसारखा लांबवर जातो आणि होता तिथेच परत येतो.”

काकांच्या मते इमारतीतला प्रत्येक माणूस कुठलं ना कुठलं वाद्य आहे. वॉचमन डबल बास, कारण तो अर्धा झोपेत असतो, पण सगळं त्याच्यावरच उभं आहे. माझी आई ड्रम. मी विचारलं, मी कोण? “तू क्लॅरिनेट. पण अजून फुंकायला घाबरतोस.” मला काय बोलावं कळलं नाही. म्हणजे त्यांचं बरोबरच होतं.

या गाण्यांना स्विंग म्हणतात, जॅझ म्हणतात, हे मला काकांकडेच समजलं. त्यांचे वडील रत्नागिरीकडचे, परदेशी बोटीवर स्वयंपाकी होते. बंदराबंदरातून ते या रेकॉर्डी घेऊन माझगावच्या खोलीत यायचे. काकांच्या आईला इंग्रजी येत नव्हतं. तिला वडील प्रत्येक गाण्याचा अर्थ सांगायचे, आणि प्रत्येक गाण्याचा अर्थ एकच असायचा: बाई म्हणतेय, बोट उशिरा येईल, पण येईल.

“वडील पुन्हा बोटीवर गेले की आई तीच गाणी लावून मासे साफ करायची,” काका म्हणाले. “मी आणि दिनू मधल्या जागेत नाचायचो. दिनू चांगला नाचायचा. लबाड होता, पण नाचायचा चांगला.”

दिनू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. राहतो ऐरोलीला, म्हणजे काही लांब नाही. पण आई गेल्यानंतर वाटणी झाली आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. त्यांच्याकडे रीत अशी, की थोरल्याने दोन वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. काकांनी वाटे केले. एकात मशीन ठेवलं, दुसऱ्यात सगळ्या रेकॉर्डी. दिनूने रेकॉर्डी उचलल्या.

“असे वाटे कोण करतं, काका?” मी न राहवून विचारलं.

“मी करतो,” काका म्हणाले आणि बाजू उलटायला उठले.

मग एक दिवस गाणं मधेच थांबलं. मी घरी अभ्यास करत होतो. आई पोळी लाटता लाटता थांबली. “का रं बंद पडलं? लाइट तर हाय.”

मी गेलो. थाळी फिरत होती. काका खुर्चीत बसून बोटांनी मांडीवर ताल धरत होते, पण पुढे जात नव्हते.

“पुढचं येत नाहीये,” ते म्हणाले. “बाईचं झालं, पियानो झाला. पुढे काय आहे तेच आठवत नाही. काल दुसरं एक असंच गेलं.”

मी घाईघाईने फोन काढला. गाण्याचं आणि बाईचं नाव त्यांना आठवत होतं, त्यामुळे गाणं लगेच सापडलं. ते वाजलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं, शेवटपर्यंत.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण हे दुकानातलं झालं. आमचं जे आहे ना, ते दिनूच्या कपाटात आहे.” थोड्या वेळाने म्हणाले, “असं एकेक जायला लागलं तर मी ऐकू काय?”

रविवारी आम्ही रिक्षाने ऐरोलीला निघालो. मशीन चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर. काका वाटभर पाठ करत होते. “म्हणेन, इकडे काम होतं, म्हणून सहज आलो.”

दार दिनूकाकांनीच उघडलं. दिसायला सुर्वे काकांसारखेच, फक्त केस जास्त.

“इकडे काम होतं,” काका म्हणाले. “सहज आलो.”

“मशीन घेऊन?”

“हो.”

“अहो, आत तरी घ्या भावजींना,” मागून त्यांच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला. “त्या पोराचे हात बघा कसे भरून आलेत.”

रेकॉर्डी काकूंच्या कपाटात, साड्यांच्या थप्प्यांमध्ये उभ्या ठेवलेल्या होत्या. त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. दिनूकाका एकेक काढून फडक्याने पुसत होते.

“मला वाटलं, तू हुशारी केलीस,” ते खाली बघतच म्हणाले. “रेकॉर्डी मला देऊन टाकल्यास, वाजवायचं साधन तुझ्याकडे. म्हणजे मी तुझ्या पाया पडत यावं.”

“हुशारीच केली,” काका म्हणाले. “एकट्याला ऐकता येऊ नये म्हणून तसे वाटे केले. म्हटलं, याला यावंच लागेल. नाहीतर मला.”

“मग आला का नाहीस?”

“मी थोरला ना.”

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “दोघेही शहाणे.”

मग रेकॉर्ड लागली. खरी. काका तोंड घट्ट मिटून बसले होते, एक सूरही त्यांनी बाहेर येऊ दिला नाही. पियानो झाला आणि त्याच्यापुढे जे होतं, ते आलं. सॅक्सोफोन होता. दिनूकाका उठले. गुडघे धरत उठले, पण नाचले चांगले.

निघताना त्यांनी सगळ्या रेकॉर्डी पिशवीत भरल्या. “घेऊन जा. तू एकटा असतोस, तुला सोबत होईल.”

काकांनी पिशवी परत खुर्चीवर ठेवली. “नको. मशीनच राहू दे इथे.”

काकू पदराला हात पुसत पुढे आल्या. “पुढच्या रविवारी जेवायलाच या भावजी. मासे कुठले आणू?”

“काहीही चालेल,” काका घाईने म्हणाले आणि चपला शोधू लागले.

लिफ्टमध्ये आम्ही दोघेच होतो. काका दाराकडे बघत उभे होते. मग हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, “तिने खरंच विचारलं ना रे? की आपलं म्हणायचं म्हणून?”

“खरंच विचारलं, काका.”

त्यांनी मान हलवली. लिफ्ट खाली येईपर्यंत ते विचार करत होते.

“सुरमई सांगायला हवी होती,” ते म्हणाले.