अर्धेसाहेबांचे चार टायर

दुकानदार सांगेल त्या किमतीला वस्तू घेतो तो गिऱ्हाईक नव्हे, बकरा! असं अर्धेसाहेबांचं ठाम मत होतं. अर्धे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. कुठलीही किंमत कानावर पडली की हे गृहस्थ आधी ती निम्मी करायचे आणि मगच तोंड उघडायचे, म्हणून विमा कचेरीतल्या मंडळींनी त्यांना ही पदवी बहाल केली होती. एकदा दाताच्या डॉक्टरनं "दोन काढावे लागतील" म्हटल्यावर साहेब सवयीनं "एकच काढा" म्हणून बसले. तो दुसरा दात अजून ठणकतोय.

अशा माणसाला टायर घ्यायचे होते. एक नाही, चार!

मिस्त्रीनं गाडीच्या चाकावरून हात फिरवला, मग साहेबांच्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, दोन्हीकडे सारखंच गुळगुळीत. गावातल्या गावात फिरा हवं तर. पण ह्या टायरांवर घाट चढलात तर मी तुम्हाला ओळखत नाही!"

आणि घाट तर चढायचाच होता. घाटापलीकडच्या गावी लेकीला मुलगी झाली होती. पहिलीवहिली नात! फोनवर फोटो यायचे, त्यात नुसतं दुपटं आणि दुपट्यात एक नाक. तेवढ्या नाकावर आजीचं, म्हणजे साहेबांच्या बाईंचं, पोट भरत नव्हतं. येत्या रविवारी जायचं नक्की झालं होतं. लेक लहानपणी ज्यात झोपायची तो लाकडी पाळणा बाईंनी माळ्यावरून काढून, घासूनपुसून खोलीच्या मधोमध ठेवला होता. साहेब येताजाता त्यावर गुडघा आपटून घेत होते. हा पाळणा बसमध्ये कोण घेणार? गाडीशिवाय गत्यंतर नव्हतं.

"रविवारी माझी नात माझ्या मांडीवर पाहिजे," बाईंनी बजावलं. "टायर सोन्याचे आणा नाहीतर चिखलाचे, मला काही सांगू नका."

"अगं, तू बघच! इतके स्वस्त टायर उभ्या बाजारात कोणी घेतले नसतील."

गाडी जुनी. तिच्या मापाचे टायर आता कोणी ठेवेना. साहेबांनी पायाचे तुकडे पडेपर्यंत दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे एका दुकानाच्या मागच्या फळीवर धूळ खात पडलेले चार टायर दिसले. दुकानदार कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन अडकवूनच जन्माला आला असावा. फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, "चारांचे सोळा हजार."

"आठ!"

"चौदा करतो. तेही पडून आहेत म्हणून."

शहाण्या माणसानं इथे पैसे मोजले असते. पण साहेबांनी आपला ठेवणीतला डाव टाकला. मान हलवली, पाठ फिरवली आणि चालू लागले. दारापर्यंत गेलं की दुकानदार हाक मारतो, हा आजवरचा अनुभव. दार आलं. हाक आली नाही. पायरी आली. हाक नाही! शेवटी साहेब बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली वाकले. पायात चपला होत्या. तरीही हाक आली नाही, आणि आता परत जायचं म्हणजे नाक कापलं गेलं असतं. जाताना दाराशी ठेवलेलं दुकानाचं कार्ड तेवढं उचलून त्यांनी खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी युद्धाची आखणी केली. "दुकानदाराचा धीर खचवायचा," ते म्हणाले. "विचारणारे ढीगभर, घेणारा एकही नाही, असं झालं की संध्याकाळपर्यंत तो रडकुंडीला येतो. मग मी जायचं आणि दहात उचलायचे!"

कचेरीत त्या दिवशी काम तसंही नव्हतं. टायपिस्ट बाईंनी फोन केला. शिपायानं केला. आपल्या विम्याचं काय झालं विचारायला आलेल्या एका बिचाऱ्या गृहस्थालाही फोन करायला लावलं. सगळ्यांनी तेच माप विचारायचं, किंमत ऐकायची, "बाप रे, महाग आहे!" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. रोखपाल तर भलता कामसू माणूस. त्यानं गावातल्या बाकीच्या दुकानांनाही फोन लावले. त्या दुकानांत हे माप नव्हतंच. पण दारी आलेलं गिऱ्हाईक कोण परत पाठवतं? प्रत्येकानं "मागवून देतो की!" म्हटलं, आणि प्रत्येकानं ज्याच्याकडे ते टायर होते त्याच दुकानदाराला फोन केला!

संध्याकाळी साहेबांनी आवाज घोगरा करून फोन लावला.

"अठरा हजार," दुकानदार म्हणाला.

"अठरा? अहो, काल तर चौदा होते!"

"काल आला होतात का तुम्ही?"

"मी नाही... माझे एक मित्र आले होते."

"मग मित्रानं घ्यायला हवे होते. साहेब, आज ह्या मापाला काय उठाव आलाय म्हणून सांगू! सकाळपासून फोन खाली ठेवू देत नाहीत लोक. कुठून इतक्या जुन्या गाड्या बाहेर पडल्यात देव जाणे!"

साहेब घरी आले, पाळण्यावर आपटले आणि कार्ड टेबलावर टाकून मटकन बसले.

"मिळाले?" बाईंनी विचारलं.

"बाजार तापलाय. जरा थंड होऊ दे."

बाईंनी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. आज दुपट्यातून एक डोळाही बाहेर आला होता. "हिला काय सांगू? आजोबा बाजार थंड व्हायची वाट बघतायत?" एवढं म्हणून त्या आत गेल्या. त्यांचा आवाज चिरकला होता. तो डोळा थेट साहेबांच्या आईसारखा होता.

ठरलं! काय वाटेल ते होवो, टायर घ्यायचे. शुक्रवारी कचेरीतून आल्या आल्या ते गच्चीत गेले, दार लोटून घेतलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अठराला घेतो."

"उशीर केलात साहेब. आताच एका बाईंनी एकोणीस सांगितलेत."

"बाई? बाईमाणसाला टायरमधलं काय कळतं? माझे वीस!"

"थांबा हं, त्या दुसऱ्या फोनवर आहेत." दुकानदारानं दुसरा फोन मोठ्या आवाजावर टाकला असावा, कारण त्यातून कुकरची शिट्टी ऐकू आली. त्याच क्षणी साहेबांच्या स्वयंपाकघरातही शिट्टी झाली. आता संध्याकाळच्या वेळी सगळ्यांच्याच घरी कुकर लागतो, त्यात नवल ते काय!

"एकवीस म्हणतायत," दुकानदार म्हणाला. "द्या ना त्यांना. नातीला बघायला जायचंय म्हणे बिचारीला."

"नाती सगळ्यांना असतात हो! मलाही नात आहे! मलाही बघायचीय! बावीस!"

"दोघांनाही नात? काय योग आहे!"

"चोवीस! आणि आता त्या बाईचा फोन ठेवून द्या!"

पलीकडे कुजबुज झाली. मग दुकानदार म्हणाला, "ठेवला त्यांनी. रडवेल्या झाल्या होत्या हो. टायर तुमचे."

साहेबांनी तिथल्या तिथे पैसे पाठवले आणि लढाई जिंकल्यासारखे स्वयंपाकघरात आले. बाई पदरानं डोळे पुसत होत्या.

"मिळाले टायर!"

"खरंच?" बाईंचा चेहरा उजळला. "कितीला?"

"ते जाऊ दे. नातीपुढे पैसा काय चीज आहे!" हे वाक्य अर्धेसाहेबांच्या तोंडून! बाई बघतच राहिल्या. माणूस आजोबा झाला की सुधारतो, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी जेवायला दोन घास जास्त वाढले. वाढता वाढता म्हणाल्या, "बरं झालं बाई! नाहीतर तो नतद्रष्ट मेला..." आणि एकदम गप्प झाल्या. कोण नतद्रष्ट, हे विचारायचं साहेबांना जिंकल्याच्या धुंदीत सुचलंच नाही.

शनिवारी टायर बसवायला गेले तर बाईही बरोबर निघाल्या, बाळाची खरेदी करायची म्हणून. दुकानाची पाटी वाचून त्या जरा थबकल्या. गाडी जॅकवर चढली. बराच वेळ झाला तशी त्यांनी दुकानदाराला हटकलं, "अहो, जरा लवकर आटपा. उद्या नातीला बघायला जायचंय."

दुकानदारानं आयुष्यात पहिल्यांदा फोन कानावरून खाली घेतला.

"बाई, तुम्ही! आवाज ओळखला मी! साहेब, ह्याच त्या! काल तुमच्याशी चढाओढ लावली होती ना, त्या! बाई, राग मानू नका हं. साहेबांनी हट्टच धरला. खरं सांगू? बारालाही दिले असते मी हे टायर. पण परवापासून काय फोन, काय फोन! आणखी तीन जोड मागवलेत मी." मग तो आळीपाळीनं दोघांकडे पाहू लागला. "पण तुम्ही दोघं एकत्र कसे?"

साहेब वाकून हवा भरायचा पंप निरखू लागले.

"आमची जुनी ओळख आहे," बाई म्हणाल्या.

घरी गेल्यावर साहेबांनी विचारलं, "तुला नंबर कुठून मिळाला?" बाईंनी टेबलावरच्या कार्डाकडे बोट दाखवलं. "साठवलेले पैसे होते माझे. म्हटलं तुमचा बाजार थंड होईपर्यंत नात शाळेत जायला लागेल." त्यानंतर त्या दिवशी घरात भांड्यांशिवाय कोणाचा आवाज आला नाही.

रविवारी गाडी निघाली. मागच्या सीटवर पाळणा, पुढे दोघं, आणि मधे ते चोवीस हजार! घाटात एकही चाक घसरलं नाही, हे मात्र मान्य करायला हवं. साहेबांनी दोनदा "काय पकड आहे!" म्हणून पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

लेकीचं घर समोर दिसू लागलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबवा." रस्त्याच्या कडेला एक खेळणीवाला बसला होता. त्यांनी एक लाल खुळखुळा उचलून वाजवून पाहिला. त्या आवाजानं त्यांचा चेहरा आपोआप मऊ झाला. साहेब लगबगीनं खाली उतरले, खिशातून मोठी नोट काढली आणि खेळणीवाल्याच्या हातात कोंबली. तो काही बोलणार तोच त्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं. खेळणीवाला नोट उजेडात धरून उलटसुलट बघू लागला.

"अहो!" कालपासून बाई पहिल्यांदाच हसल्या. "निदान किंमत तरी विचारा!"

"नको गं," साहेब गाडीत बसत म्हणाले. "विचारलं की भाव वाढतो."