मी वर गेलो त्याची गोष्ट

आमच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. जुळी अजून पालथीही पडत नव्हती, आणि त्यांचे आजोबा, म्हणजे मी, उडाले.

उंचीची भीती मला कुणी सांगू नये. मी आणि माझा थोरला भाऊ, आमचा दादा, आम्ही उभा जन्म लोकांच्या छपरांवर काढला. कौलं बसवली, पत्रे ठोकले, गळती बुजवली. आमच्या घरात ‘वर गेला’ याचा अर्थ एकच, छपरावर कामाला गेला. दारात कुणी आलं की आई शांतपणे सांगायची, “दोघंही सकाळीच वर गेले.” नवखा माणूस तोंड पाडून उभा राहायचा. मग आई म्हणायची, “बसा ना. जेवायला येतीलच.”

दुसरा शब्द ‘खाली!’. हातून अवजार निसटलं की छपरावरून असं ओरडायचं, म्हणजे खालची माणसं डोकी वाचवून पळतात. अवजार पडणं ही लाज, पण न ओरडणं हे पाप. दादाने पाठीत गुद्दे घालून हे माझ्यात असं मुरवलं होतं, की जेवताना चमचा पडला तरी मी ओरडायचो आणि बायकोच्या हातची वाटी सांडायची.

तर दादा आजारी पडला. तो मुलाकडे राहायचा, डोंगरापलीकडे. वहिनीचा फोन आला.

“भाऊजी, डॉक्टरांनी हात टेकले. ह्यांना तुम्ही हवे आहात. आणि तो हातोडा.”

“कुठला हातोडा?”

“कुठला काय विचारता? काम सोडताना ह्यांनी तुम्हाला दिला तो. उशाशी हवाय म्हणतात.”

घाटात दरड कोसळून रस्ता बंद झालेला. राहिलं एक विमान, औषधं आणि टपाल पोचवणारं. विमान कसलं, पानाच्या टपरीला पंख लावलेले. बायको म्हणाली, “झेपेल का तुम्हाला?”

“अगं, छप्परच ते,” मी म्हणालो. “जरासं उंच.”

विमानतळावरच्या कारकुनाने मला औषधांच्या खोक्यांबरोबर एकाच काट्यावर उभं केलं. वैमानिक जांभया देत आला.

“काका, मागे दाराशी बसा. पट्टा लागत नाही, गाठ मारा.”

“अहो, दार हलतंय.”

“हलतंच ते. लक्ष देऊ नका.”

दारावर लाल रंगात काहीतरी ठळक लिहिलं होतं. मला तेव्हा अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. रंगाचा हात मात्र चांगला होता.

जमीन सुटली आणि माझी सगळी ऐट जमिनीवरच राहिली. छपरावर पायाखाली वासा असतो. इथे नुसता पत्रा, आणि असल्या पत्र्यावर मी कोंबडीसुद्धा चढू दिली नसती. विमान आपटत होतं. एवढ्या मोकळ्या आभाळात खड्डे कुणी खणले होते कोण जाणे. तिकडे दादा शेवटच्या घटका मोजतोय, इकडे मी. आता आधी कोण जातो, एवढाच प्रश्न उरला होता. मी आधी गेलो तर त्याचा हातोडाही जाणार. मी पिशवी छातीशी धरून रडलो. खोकी काही बोलली नाहीत.

आणि दाराची कडी खडखड, खडखड. जन्मभर ठोकाठोक केलेल्या माणसाला हलती कडी बघवत नाही. वाटलं, एक ठोका दिला की बसेल. हातोडा काढला आणि दिला.

कडी बसली नाही, उठली. दार वीतभर उघडलं. वारा आत घुसला, माझी टोपी बाहेर गेली आणि तिच्यामागे हातोडा.

काही कळायच्या आत मी ओरडलो, “खाली!”

वैमानिकाला वाटलं, मागे आग लागली. त्याने विचारलंसुद्धा नाही, विमानाचं नाक सरळ जमिनीकडे वळवलं.

“अहो, वर! वर!”

“एक काहीतरी सांगा, काका!”

शेवटी त्याने एका माळावर आदळत, उडत, गुरं पांगवत विमान थांबवलं. इंजिन बंद करून तो मागे आला.

“काय झालं?”

“हातोडा पडला.”

“मग मला खाली का यायला सांगितलंत?”

“तुम्हाला नाही हो. खालच्यांना. त्यांनी बाजूला व्हावं म्हणून.”

मग त्याने दारावरच्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं. “हे काय आहे?”

“मला वाचता येत नाही.”

“उड्डाणात कडीला हात लावू नये.”

“बरोबर लिहिलंय,” मी म्हणालो.

दार दोरीने बांधून पुन्हा उडेपर्यंत दुपार कलली. दादा गेलाच असणार, असं धरूनच मी उडालो.

तिकडे वहिनीने विमानतळावर फोन केला होता. कारकून म्हणाला, “ते सकाळीच वर गेले.” वहिनीने ते जसंच्या तसं दादाला सांगितलं. दुसऱ्या घरात रडारड झाली असती. आमच्याकडे दादा भडकला.

मी पोचलो तर तो उशीला टेकून बसलेला, डोळे लाल.

“आलास? मी मरायला टेकलोय आणि तू काम धरतोस? कुणाचं छप्पर?”

“छप्पर नाही रे, विमान.”

“आता विमानाची छपरं करतोस?”

वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, “डोळे उघडत नव्हते, भाऊजी. तुम्ही वर गेलात ऐकलं तेव्हापासून शिव्या चालल्यात. दूधही प्यायले.”

“हातोडा दे,” दादा म्हणाला.

मी मान खाली घातली. “पडला.”

“कुठून?”

“वरून.”

दादा उशीवरून सरळ झाला.

“ओरडलास?”

“ओरडलो.”

“मोठ्याने?”

“विमान खाली आलं, इतक्या मोठ्याने.”

“मग ठीक.” त्याने माझा रिकामा हात ओढला आणि हातोडा ठेवावा तसा उशाशी ठेवला. डोकं त्याला टेकून झोपला. हाताला मुंग्या आल्या, पण काढला नाही.

रस्ता मोकळा होईपर्यंत मी तिथेच राहिलो. बायको म्हणते, भावावरच्या मायेने. तसंच असू दे.

पुढे जुळी शाळेत जायला लागली, तेव्हा त्यांच्या पाटीवर मीही अक्षरं शिकलो. या वयात केवढी हौस, म्हणून लोक कौतुक करतात. खरं सांगायचं तर मला पेपरात बघायचं असतं, कुणाच्या डोक्यात हातोडा पडला का. अजून तरी बातमी नाही. दारावर काही लिहिलेलं असलं तर ते मात्र आता आधी वाचतो.

दादा मात्र मी पोचलो त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी गेला. वर नाही. खाली, अंथरुणावर.