शामराव मिस्त्रींची न बिघडणारी गाडी

गल्लीत कुणाची मोटार बंद पडली की शामराव मिस्त्रींचा दिवस वाईट जायचा. दुरुस्तीला बोलावतील म्हणून नव्हे. आपली कधी बंद पडत नाही, म्हणून.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात मंगळवार पेठेत ते माझे शेजारी. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटरचं काम करून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांनी मोडीत निघालेली एक जुनी रुग्णवाहिका आणली, इंजिन स्वतः उघडलं, स्वतः बांधलं आणि आत खाट, स्टोव्ह, पाण्याची टाकी आणि भांड्यांची फळी बसवली. वर्षातले चार-पाच महिने ते त्या गाडीतच राहत. आज हंपी, पुढच्या आठवड्यात गोकर्ण.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. साऱ्या जगाच्या बातम्या माझ्या टेबलावरून जात. मी स्वतः बेळगावच्या पुढं गेलो नव्हतो. गाडी काढताना शामराव हाक मारीत, "येतासा का, पेपरवालं?" मी मनगटावरचं घड्याळ दाखवी. गाडी कोपऱ्यावरून वळली की त्या दिवशी मला एकही मथळा धड सुचत नसे. मला त्यांचा हेवा वाटायचा. त्याला दुसरा शब्द नाही.

त्यांना हेवा वाटायचा इनामदार मास्तरांचा.

मास्तर पलीकडच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक. जुन्या मोटारीतून तेही बायकोसह फिरत. दोघंही एका मोटारप्रवासी संघाचे सभासद. साठी उलटलेल्या सभासदांसाठी संघाची खास सोय होती. वाटेत गाडी बंद पडली तर संघाचा माणूस येऊन ती ओढून नेई. दुरुस्ती होईपर्यंत राहण्याची व्यवस्था करी. आणि सभासद परगावी दवाखान्यात दाखल झाला, तर घरच्या एका माणसाला त्याच्या उशाशी आणून पोचवी. मास्तरांना इंजिनातलं ओ का ठो कळत नसल्यामुळं पहिल्या दोन सोयी त्यांनी दोन वर्षांत चारदा उपभोगल्या होत्या. शामरावांनी एकदाही नाही.

"आंबोलीच्या घाटात असं धुकं, की स्वतःचा हात दिसेना," मास्तर चहाच्या दुकानात सांगत होते. "आणि त्यातून संघाचा माणूस आला हो! बरोबर थर्मास. म्हणाला, 'मास्तर, घाबरू नका, आम्ही आलोय.'"

"च्या गरम हुता?" शामरावांनी विचारलं.

"चांगला वाफाळलेला!"

शामराव स्वतःचा कप अर्धा टाकून उठले. रस्त्यात मला म्हणाले, "ह्येला नट आवळाय येत न्हाय, आनि ह्येला च्या. मी एवढा मुलूख हिंडलो. मला इचारलंय का कुणी, बाबा, घाबरलास का म्हणून?"

"तुमची गाडी बंद पडत नाही, त्याला संघ काय करणार?"

"तेच की! माझाच हात मला नडतोय."

शेवटी त्यांनी ठरवून गाडी बंद पाडली. संकेश्वरच्या पुढं, सकाळच्या वेळी, एक वायर ढिली केली. पोस्टात जाऊन संघाला फोन लावला आणि झाडाखाली चेहरा पाडून बसले. दोन तासांनी संघाची जीप आली. पुढचा वृत्तान्त त्यांच्याच शब्दांत.

"जीपचा आवाज ऐकला आनि उठूनच हुबा ऱ्हायलो की हो! टॅपेट वाजालेलं, कार्बुरेटर खोकालेला. म्हटलं, पावणं, उतरा. बॉनेट उघडा. दुपारपतोर जीप अशी केली, झोपलेलं मूल उठणार न्हाय."

"आणि तुमची गाडी?"

"हात काळं झालंच हुतं. तीबी वायर आवळून टाकली."

जाताना संघाच्या माणसानं कागदावर शेरा लिहिला, 'सभासदाने मोलाची मदत केली.' तो कागद मला दाखवून शामराव म्हणाले, "छापू नगासा. मास्तर वाचंल."

पुढच्या हिवाळ्यात ते गोकर्णाला गेले. आठ दिवसांनी आमच्या कचेरीच्या दारात संघाची जीप उभी राहिली. इंजिनाचा आवाज खरोखरच येत नव्हता.

"शामराव मिस्त्रींचे धाकटे बंधू आपणच ना?" जीपवाल्यानं विचारलं.

त्यानं पुढं केलेल्या अर्जावर 'संकटकाळी कोणास आणावे' या रकान्यात शामरावांच्या अक्षरात माझं नाव होतं. नातं : धाकटा भाऊ. आमची आडनावं वेगळी, जात वेगळी, आणि हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

"हो, मीच," मी म्हणालो. वीस वर्षांच्या नोकरीत खातरजमा न करता दिलेली ती माझी एकमेव माहिती.

गाडी ठणठणीत होती, मालक बंद पडला होता. कारवारच्या दवाखान्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. बेळगाव मागं पडलं तेव्हा मला काळजी वाटत होती हे खरं. पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा दोन मिनिटं वाटत नव्हती, हेही खरं.

शामराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. मला पाहिलं आणि माझ्याशी न बोलता नर्सला हाक मारली.

"सिस्टर! हे आमचं धाकटं. कोल्हापूरनं आलंय. खास माझ्यासाठी. जीपनं."

हीच बातमी त्यांनी कंपाउंडरला दिली, झाडूवाल्याला दिली, समोरच्या तिन्ही खाटांना दिली. मग हळूच मला विचारलं, "मास्तरासाठी असं कोण आलं हुतं का कवा?"

"मास्तर कधी दवाखान्यात पडलेच नाहीत."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि समाधानानं डोळे मिटले. तेवढ्यात पुन्हा उघडले. नजर पलीकडच्या खाटेवर गेली. तिथं एक म्हातारा होता. पायाला प्लास्टर, खाटेजवळची खुर्ची रिकामी. मी आल्यापासून तो आमच्याकडं टक लावून पाहत होता. शामरावांनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ती नजर त्यांच्या ओळखीची असावी.

"पाच दीस झालं, त्येच्याकडं कोण आलं न्हाय," ते कुजबुजले. "तुम्ही जरा जावा तिकडं. बसा. काय दुखतंय का इचारा."

मी उठून म्हाताऱ्याजवळच्या खुर्चीत बसलो. त्याची कोकणी मला अर्धीच कळत होती, पण तो बोलत राहिला. गाव सांगितलं, होडी सांगितली, मधेच माझा हात धरला. पाच मिनिटं झाली असतील, नसतील. मागून आवाज आला.

"बास झालं की. आता हिकडं या."