बिशपसाठी साफ केलेली जागा

हरणाला फसवायला अक्कल लागते, आणि हारलन ब्रेकेनकडे ती पोत्यानं होती! विस्कॉन्सिनच्या त्या टेकड्यांमध्ये गाई पाळणारे पुष्कळ होते, शिकारीही घरटी दोन होते. पण वासाचा उस्ताद एकच. "माणसाला कोणीही फसवेल," हारलन म्हणायचा, "हरणाच्या नाकाला फसवून दाखवा!"

तर ही त्या नाकाची गोष्ट. मध्ये एक लग्न येतं. त्याला हारलनचा इलाज नव्हता.

*हारलनच्या हरीण-वासाच्या बाटलीवर लिहिलं होतं: १. गजबजाटापासून दूर, शांत जागा निवडा.*

शांत! सप्टेंबरातच मुलीचा फोन आला. सिग्ने शिकागोत राहायची.

"बाबा, आठ नोव्हेंबर."

"काय आठ नोव्हेंबर?"

"माझं लग्न. आपल्या घरी."

"नोव्हेंबरात?" हारलन ओरडला. "अगं, ऐन शिकारीच्या हंगामात आपल्याकडे कोणी मरतसुद्धा नाही! थांबतात बिचारे!"

"म्हणूनच. शाळेचं नाटक नोव्हेंबरात, तू मचाणावर. माझ्या घशाचं ऑपरेशन नोव्हेंबरात, तू मचाणावर. मला एक तरी नोव्हेंबर दे बाबा. अख्खा. मचाण नाही, धनुष्य नाही, आणि ती घाणेरडी बाटली तर नाहीच. शब्द?"

हारलननं खिडकीतून टेकडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "शब्द."

आणि तो अगदी मनापासून म्हणाला होता. हे लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावर चिडायची वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल.

*२. जमीन उकरा. वर एक फांदी हवीच.*

ऑक्टोबरात बिशप दिसला.

बिशप म्हणजे शिंगांना बारा टोकं असलेलं हरीण. डोक्यावरचा पसारा असा, की समोरच्यानं आपोआप टोपी काढावी. तीन वर्षं हारलन त्याच्या मागे होता आणि तीन वर्षं बिशपनं त्याला काळोखाशिवाय दर्शन दिलं नव्हतं. आता तो भर दुपारी सफरचंदांच्या बागेमागून चालत गेला. चालत! जणू सातबारा त्याच्याच नावावर!

हारलननं दोन दिवस स्वतःशी वाद घातला. धनुष्य उचललं तर ती शिकार. कबूल. पण नुसती बाटली उघडली तर? ते तर पत्र टाकण्यासारखं! उत्तर आलं तर आलं!

माजाचे दिवस आले, की नर एखाद्या लोंबत्या फांदीखाली खुरांनी जमीन उकरतो, तिच्यावर मुततो आणि वरच्या फांदीला कपाळ घासून जातो. मागून येणारा प्रत्येक जण ते हुंगून समजून घेतो, इथं कोण राहतं, काय वयाचं, काय मिजाशीचं. हारलननं तेच केलं. रबरी बूट, रबरी हातमोजे, दाताळं. बागेच्या टोकाच्या जुन्या झाडाखाली त्यानं गवत खरवडून काळी माती उघडी केली, वर डोक्याएवढ्या उंचीवर फांदी बांधली. जागा मुद्दाम ऐसपैस केली. बिशपला वाटलं पाहिजे, आपल्याहून थोर कोणीतरी मुलखात आलंय! फांदीला त्यानं एक काळी नळी टांगली. तिच्यात बाटलीतलं, माजावरच्या मादीचं मूत. ऊन तापलं की ठिबकणार, गार पडलं की बंद. म्हणजे हरणाला दुपारी यायची सवय लागते. एकदा भरली की महिनाभर बघायला नको.

आणि समोरच्या खांबाला आपोआप फोटो काढणारा एक कॅमेरा. नुसती हौस!

*३. जागेभोवती माणसाचा वावर टाळा.*

तिसऱ्या दिवशी हारलनची बायको मर्लिस बागेतून आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. नाक लाल.

"हारलन. मी पाहिलं."

हारलन खुर्चीतून उठला. "ऐकून घे, मी काही धनुष्य—"

"बोलू नकोस! महिनाभर मी म्हणतेय, या माणसाला मुलीच्या लग्नाचं काही पडलेलं नाही. आणि तू गुपचूप नवरा-नवरीची उभं राहायची जागा करतोयस! इतकी नीट खरवडलेली! वर फांदीसुद्धा! फुलं बांधायला ना?"

इथं एक माणूस खरं बोलला असता. त्या माणसाचं नाव हारलन नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "फुलं."

*३. (पुन्हा वाचा!) माणसाचा वावर टाळा!*

रविवारी सिग्ने नवऱ्या मुलाला घेऊन आली. नोलन उंच, सभ्य, बूट चकचकीत, विमा कंपनीत हिशेब तपासणारा. गाईला त्यानं लांबून नमस्कार केला. सिग्ने झाडाखाली उभी राहिली, मातीकडे बघत राहिली आणि मग हारलनच्या गळ्यात पडली. दहावीनंतर पहिल्यांदा!

"मला वाटलं होतं तू रुसून बसशील," ती त्याच्या कोटात बोलली. "आणि तू हे करत होतास."

हारलननं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. वर काळी नळी लटकत होती. टप्.

त्या रात्री त्यानं ठरवलं, सगळं बुजवायचं! सकाळी फावडं घेऊन निघाला तर मर्लिस आडवी. "खबरदार हात लावलास तर! पोरीला ते तसंच हवंय." वास धुऊन टाकावा म्हणून पाण्याची बादली नेली, तर ती म्हणाली, "चिखल करतोस का?" मर्लिसचा भाऊ वेंडेल खुर्च्या मोजायला आला. तो पन्नास वर्षांचा शिकारी. त्यानं मातीकडे पाहिलं, फांदीकडे पाहिलं, हवा हुंगली.

"भावोजी," तो हळूच म्हणाला, "हे मला वाटतंय तेच आहे का?"

"गप्प बस."

"आणि याच्या खाली पोरीला उभं करणार?"

"वेंडेल, गप्प बस!"

"नाही, मी आपलं विचारलं." तो थांबला. "येतोय का?"

हारलननं इकडेतिकडे पाहिलं. मग खिशातून कॅमेऱ्यातले फोटो काढले. एकोणीस. सगळे दुपारचे. वेंडेलनं टोपी काढली.

लग्नाच्या सकाळी हारलन नळी उतरवायला शिडीवर चढला, तोच खालून आवाज: "ते काळं काय रे?"

"वजन आहे. फांदी सरळ राहावी म्हणून."

"किती विचार करतोस!" मर्लिस म्हणाली, आणि नळीभोवती तिनं पांढऱ्या शेवंतीचा असा गेंद बांधला, की ती उतरवायची तर अख्खं लग्न उतरवावं लागलं असतं.

*४.*

(बाटलीवर चौथी सूचना नव्हती. पुढे काय करायचं ते बाटलीलाही माहीत नव्हतं.)

दुपारचे दोन. नोव्हेंबरात असा उबारा दहा वर्षांत पडला नव्हता. साठ खुर्च्या भरल्या. पास्टरबाई पुस्तक उघडून उभ्या. सिग्ने डावीकडे, नोलन उजवीकडे, बरोबर गेंदाखाली.

टप्. नोलनच्या उजव्या खांद्यावर.

नोलननं वर पाहिलं. त्याला वाटलं दव. टप्. टप्.

"नोलन, तू या सिग्नेचा—" पास्टरबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

खुर्च्यांच्या मागं कुंपण वाजलं नव्हतं. पान वाजलं नव्हतं. पण मधल्या वाटेवर, दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या मधोमध, बिशप उभा होता.

कोणी ओरडलं नाही. मोबाइल निघाला नाही. साठ माणसांनी एकच श्वास आत घेतला आणि तो तसाच ठेवून दिला.

तो चालू लागला. हारलन पहिल्या रांगेत होता. बिशप त्याच्या गुडघ्याजवळून गेला. तीन वर्षं हारलननं त्याची टोकं मोजली होती, अंतर मोजलं होतं, वारा मोजला होता. आता मोजायला काही उरलंच नव्हतं. नाकपुडीवर पाण्याचा थेंब होता. डाव्या कानाला जुनी चीर होती. मानेवरचे केस ओले, आणि श्वास असा, की जणू जवळ कुठंतरी भाता चाललाय. पापण्या लांब होत्या. हारलनला हे कधी माहीतच नव्हतं! त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं सवयीनं धनुष्याची दोरी ओढायला वाकली, आणि तशीच मांडीवर विसावली.

बिशप नोलनसमोर थांबला. दोन पावलांवर. त्यानं नोलनचा खांदा हुंगला, ओठ वर उचलला, विचार केला. नोलन हलला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. मग बिशपनं मान उंच केली, कपाळ शेवंतीच्या गेंदाला लावलं आणि घासलं. हळू, डोळे मिटून. पाकळ्या पडल्या. सिग्नेच्या केसांवर, नोलनच्या केसांवर, पुस्तकावर.

मग त्यानं पुढच्या खुरानं दोनदा माती उकरली, पाय जुळवले, आणि साठ वऱ्हाडी, एक पास्टर आणि स्वर्ग यांच्या साक्षीनं तिथं मुतला. तेसुद्धा कुणाला वावगं वाटलं नाही! इतक्या थाटात कोणी काही करताना त्यांनी पाहिलंच नव्हतं.

आणि गेला. एका उडीत कुंपण, दुसरीत टेकडी.

शेवटी पास्टरबाईंनी पुस्तक मिटलं.

"यानंतर मी काय बोलणार!" त्या म्हणाल्या. "झालं तुमचं लग्न."

*बाटलीच्या तळाशी, बारीक अक्षरात: परिणामांची जबाबदारी आमची नाही.*

संध्याकाळी यंत्रांच्या शेडमध्ये नाच होता. जो तो हारलनचा हात दाबून जात होता. "देवाची खूण!" सिग्नेची मावशी म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. हारलनला ते सहन होईना. त्यानं सिग्नेला चीजच्या ताटांमागं ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. बाटली, नळी, ऊन, पत्र. सगळं.

सिग्नेचा चेहरा उतरला. "म्हणजे ती जागा माझ्यासाठी नव्हतीच."

"नव्हती."

"शब्द दिला होतास."

"हो."

"किती वेळा आला तो?"

"एकोणीस वेळा. दिवसाढवळ्या."

"आणि तू किती वेळा मचाणावर चढलास?"

"एकदाही नाही."

"बाबा!"

"विचार तुझ्या आईला. रोज दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहायचो. काचेला नाक लावून. पण गेलो नाही."

सिग्नेनं त्याच्याकडे पाहिलं. एकोणीस वेळा बारा टोकं, आणि हा माणूस खिडकीत! तिला ठाऊक होतं त्याची किंमत. ती इतकी हसली, की तिच्या केसांतली राहिलेली पाकळी हारलनच्या बिअरमध्ये पडली. तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "चल, नाच माझ्याबरोबर. गाढव कुठला!"

झालं. मिटलं. हारलनच्या छातीवरचा दगड उतरला.

तेवढ्यात नोलन आला. कोट अंगावरच. उजव्या खांद्यावर डाग. तो कोणाला पुसू देत नव्हता. डोळे असे लकाकत होते, की वेंडेलसुद्धा दोन पावलं मागं सरला.

"सासरेबुवा," तो कुजबुजला, "तो मला हुंगत होता. मला! माझं सगळं आयुष्य आतापर्यंत… जाऊ दे. मला शिकवाल? वेंडेलमामांनी ती फांदी वगैरे समजावलंय. ऑफिसला आत्ताच कळवलं. पुढच्या नोव्हेंबरची रजा टाकलीय. अख्ख्या."

हारलननं मान वळवली नाही. वळवायची गरज नव्हती. शेजारी सिग्नेचा श्वास थांबल्याचं त्याला ऐकू आलं होतं.

बाटलीबद्दल तिनं बापाला माफ केलंय. नोलनबद्दल अजून बोलणी चालू आहेत.