अण्णांची पोवळी

कोळेकर अण्णा माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, तोंडाकडं बघतात. ओठ, दात, जबडा. मी सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी जिन्यात त्यांनी मला असंच निरखलं आणि म्हणाले, "तुम्ही लई बोलता वाटतं." तोवर मी एक शब्दही बोललो नव्हतो.

अण्णा मूळचे पिशोरकडचे, मेंढपाळाच्या घरातले. नोकरी सिल्लोडला, जनावरांच्या दवाखान्यात झाली. जनावर काय खातं ते त्याचं तोंड सांगतं, एवढंच ते तिथं शिकले आणि पुढं माणसांवर चालवत राहिले. होणाऱ्या सुनेला बघून आले आणि मुलाला म्हणाले, "ही घर खाणार." मुलानं तिच्याशीच लग्न केलं आणि पुणं गाठलं. नातू झाल्यावर त्याला सांभाळायला म्हणून अण्णांच्या पत्नी मालनकाकूही तिकडंच गेल्या. त्यालाही सहा वर्षं झाली.

घरात उरली ती काचेची टाकी. सहा फूट लांब, भिंतभर. ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं या माणसानं मीठ कालवून हॉलमध्ये समुद्र भरून ठेवला होता. आत खडकांवर जिवंत पोवळी, जांभळी, हिरवी, फांद्याफांद्यांची. ती झाडं नाहीत, जनावरंच आहेत, हे अण्णांनी मला समोर उभं करून शिकवलं. सोसायटीच्या बैठकीत कुणी टाकीच्या पाण्यावरून कुरकुर केली की अण्णा शांतपणे त्याच्या जबड्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "हे नुसतं रवंथ करणारं तोंड." पुढच्या बैठकीला तो माणूस यायचा नाही.

अण्णांना त्या समुद्रात एकच गोष्ट कमी वाटायची, फुलपाखरू मासा. दिसायला अतिशय देखणा, पण त्याच्या बहुतेक जाती पोवळी कुरतडून खातात. अण्णांना न कुरतडणारा हवा होता. त्यासाठी दीड वर्ष दर रविवारी मी त्यांना स्कूटरवरून सलीमभाईंच्या शोभेच्या माशांच्या दुकानात नेत होतो.

"अण्णा, ये लंबी चोचवाला लेके जाव. सेफ है."

"पोवळ्यांना सेफ. माझ्या शिंपल्यांना टोचा मारंल, त्याचं काय?"

"फिर ये?"

"ह्याचं तोंड बघा. आखूड, चिमट्यावानी. पोवळं उपटायलाच केलेलं तोंड हाय हे."

त्यांना पिरॅमिड नावाचा मासा हवा होता. तो पाण्यात तरंगणारं बारीकसारीक टिपून खातो, पोवळ्यांना तोंड लावत नाही. एकदा तो आलाही. अण्णांनी त्याला दुकानातच खायला घालून बघितलं. माशानं तोंड फिरवलं. अण्णांनी त्याला नापास केलं. सलीमभाईंनी माझ्याकडं बघून नुसते हात जोडले.

त्याच आठवड्यात माझा मेहुणा आमच्याकडं आला होता. अण्णांनी जेवताना त्याचं तोंड निरखलं आणि त्याच्या समोरच मला सांगितलं, "हा कुठंच टिकायचा नाय." मेहुण्याची नोकरी नुकतीच गेली होती. तो भरल्या ताटावरून उठला. रविवारी मी एकटाच दुकानात गेलो आणि एक मासा उचलला. पिवळसर अंग, त्यावर आठ काळे उभे पट्टे. सलीमभाई म्हणाले, "पहले अण्णा से पूछ लेव." मी विचारलं नाही. अण्णांना खूश करायचं होतं की त्यांची जिरवायची होती, ते आजही मला सांगता येणार नाही.

पिशवीतला मासा बघून अण्णांचा चेहरा उतरला.

"हा जित्या पोवळ्याशिवाय कशालाच तोंड लावत नाय. उपाशी मरंल. तुमच्यासारख्या हौशी लोकांपायी जनावरं मरत्यात. चला, न्या परत."

मी परत नेला. "रख लेता हूँ," सलीमभाई म्हणाले, "पर चार दिन से कुछ खाया नहीं इसने." पुढं काय होणार ते मला कळलं होतं. तरी मी पिशवी तिथंच ठेवून आलो. त्यानंतर दोन महिने जिन्यात अण्णांची चाहूल लागली की मी दार लावून घ्यायचो.

मग पुण्याहून मालनकाकूंचा फोन आला. "भाऊ, ह्यांचा फोन तीन दिवस बंद लागतोय. जरा बघून येता का?"

अण्णांचं दार नुसतंच लोटलेलं होतं. ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. आत निम्मी पोवळी पांढरी पडली होती, हाडांसारखी. आणि त्यांच्यामधून तो आठ पट्ट्यांचा मासा सावकाश फिरत होता. पोट चांगलं भरलेलं होतं.

"तुम्ही सोडून आला, मी दुसऱ्या दिवशी आणला," अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. "हळू बोला. बिचकतो तो. फोन वाजला की दगडामागं जातो, म्हणून बंदच ठेवलाय."

"अण्णा, पोवळी?"

"खातोय. त्याला दुसरं खाताच येत नाय, त्यो काय करंल?"

"आणि ती संपल्यावर?"

अण्णांनी टाकीच्या डाव्या कोपऱ्याकडं बघितलं.

"हायेत अजून थोडी."

मी मालनकाकूंच्या फोनचं सांगितलं. त्यांनी मान वळवली नाही.

"काय म्हणत होती?"

"तुम्ही वेळेवर जेवता का, विचारत होत्या."

मासा एका जांभळ्या फांदीपाशी थांबला आणि टिपू लागला. अण्णांनी मला खुणेनं खाली बसवलं. तो खाऊन दूर गेला.

"सांगा तिला," मग अण्णा म्हणाले, "जेवतो म्हणावं."